दिवसभर शिलाई मशीनवर काम करूनही मान-खांद्यासाठी वेगळा व्यायाम लागतो का?

लागतो, ताई. तुम्ही लिहिलंय की सकाळी नऊपासून ब्लाउज शिवता, संध्याकाळी उजवा खांदा दगडासारखा होतो आणि सासूबाई म्हणतात, "दिवसभर हातपाय चालतात तोच व्यायाम." माझी आईही हेच म्हणायची. मी सांगलीत २१ वर्षं ब्लाउज शिवतेय.

हात चालतात हे अर्धंच खरं. चालतात ती बोटं आणि मनगटं. खांदे नुसते उचलून धरलेले असतात. आज लक्ष ठेवून बघा, मुंढ्याला बाही जोडताना किंवा गळ्याला पायपिंग फिरवताना खांदे कानांकडे सरकलेले असतील, श्वाससुद्धा रोखलेला असेल. दोरा तोडला तरी ते खाली येत नाहीत, कारण पुढचा तुकडा हातात आलेला असतो. पायांचं म्हणाल, तर मशीनला मोटर बसवली त्या दिवशी माझे पायही बसले.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिने सांगितलं, मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूतले काही बारीक तंतू हलक्या कामालाही सगळ्यांत आधी जुंपले जातात आणि सगळ्यांत शेवटी सुटतात. योरान हॅग या स्वीडिश संशोधकाने १९९१ मध्ये त्यांना परीकथेतल्या, घरभर राबणाऱ्या सिंड्रेलाची उपमा दिली. मी म्हटलं, सिंड्रेला कशाला, थोरली सून म्हण की! हा अजून तर्कच आहे म्हणे, पण माझ्या खांद्याला तो लगेच पटला. व्यायामात याच्या उलट होतं. थोडा वेळ भरपूर जोर, मग स्नायू पूर्ण सैल.

मला हे कळायला एक लग्नसराई वाया गेली. दिवसाला सहा-सहा अस्तराचे ब्लाउज, रात्री बाम, सकाळी गोळी. एका दवाखान्यात गळ्याला पट्टा बांधायला दिला. पट्टा बांधून सुईकडे बघून दाखवा तुम्ही! दोन दिवसांत तो खुंटीवर गेला.

मग भाचीने डेन्मार्कमधल्या एका चाचणीचं सांगितलं, २०११ मध्ये छापून आलेली. मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिसवाल्यांचे तीन गट केले. एक गट आठवड्यातले पाच दिवस व्यायामाच्या, ताणल्या जाणाऱ्या रबरी नळीने रोज २ मिनिटं व्यायाम करायचा, दुसरा १२ मिनिटं, तिसऱ्याला व्यायाम नाही. दहा आठवड्यांनी दुखण्याच्या ० ते १० या मापावर तिसऱ्या गटाच्या तुलनेत १२ मिनिटंवाल्यांचं दुखणं १.९ ने कमी झालं आणि २ मिनिटंवाल्यांचं १.४ ने. ते ऑफिसवाले होते, शिंपी नव्हेत, हे खरं. पण दोन मिनिटं नाहीत असं म्हणायला मला तोंड उरलं नाही.

करायचं एवढंच. नळीच्या मध्यावर पाय देऊन उभं राहायचं, दोन्ही टोकं हातात धरायची, कोपर किंचित वाकवून हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. हात थकेपर्यंत, फार तर दोन मिनिटं. दुकानात इलॅस्टिकची गुंडाळी असतेच म्हणून मी आधी तेच दुपदरी करून बघितलं. ते परकराच्या कमरेपुरतंच, खांद्यापुढे फुसकं. नळी मिळेपर्यंत मी पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या वापरल्या. सुरुवातीला खांदे थोडे ठणकले, नंतर जमलं. महिना-दीड महिन्याने रात्री कूस बदलताना जाग यायची थांबली. दिवाळीच्या गर्दीत अजून दुखतं, खोटं कशाला सांगू. पण गोळी लागत नाही.

व्यायामाने सगळं भागत नाही. मशीन उंच आणि स्टूल बुटकं असेल तर खांदे वर जाणारच. मी स्टुलावर जुन्या गोधडीची जाड घडी टाकली आणि सुईजवळ छोटा दिवा लावला. त्याआधी नुसतं दिसत नाही म्हणून मान खाली जायची.

हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होऊन रात्री जाग येत असेल किंवा कात्री हातातून सुटत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जा, नळीचं नंतर बघू.

आणि एक सांगा, मशीनवर बसल्यावर तुमचं कोपर टेबलाच्या बरोबरीने येतं की खाली राहतं?