ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम एकट्याने खेळता येतो का? सुरुवात कशापासून करू?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्ही एकवीस वर्षांचे आहात, मित्र सगळे मोबाइलवर बॅटल रॉयल खेळतात, तुमचं मन त्यात रमत नाही, तुम्हाला मोठं जग आणि भरपूर कथा असलेला ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम हवाय. शेवटी एक वाक्य टाकलंय: "अनोळखी लोकांची वाट बघत बसायची कटकट नको, एकट्याने पूर्ण करता आला पाहिजे."

त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसलोय.

सरळ उत्तर आधी देतो. येतो. आज जवळपास प्रत्येक मोठा गेम एकट्याने खेळता येतो. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये मुख्य कथेतल्या डन्जनमध्ये, म्हणजे गट करून लढायच्या जागांमध्ये, कॉम्प्युटरने चालवलेले साथीदार घेऊन जाता येतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०२४ पासून तशीच सोय आहे, शिवाय एकट्यालाही जाता येईल अशा गुहा वेगळ्या. पण असंच खेळायचं असेल तर ऑनलाइन गेमच्या वाट्याला जाऊच नका. एकट्याने खेळायचे एकसे एक गेम आहेत, एकदा पैसे भरले की विषय संपला. तिथे कथाही जास्त चांगली असते. दर महिन्याला वर्गणी भरायची आणि तिथल्या माणसांना टाळत फिरायचं, हे म्हणजे पंढरपूरला जाऊन लॉजवर टीव्ही बघत बसणं झालं.

मी २००७ पासून खेळतोय. आमचं घर सांगलीत, मी तेव्हा इंजिनिअरिंगला. माझा आत्येभाऊ, दादा, नोकरीसाठी जर्मनीत होता. त्याने मला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा डबा पाठवला आणि पुढे प्रीपेड कार्डांचे कोड ईमेलने पाठवत राहिला. वर्गणी महिन्याला १२.९९ युरो, तेव्हाचे साधारण आठशे रुपये. मी ते त्याच्या आईकडे, म्हणजे आत्याकडे नेऊन द्यायचो. सर्व्हर युरोपातला, पिंग, म्हणजे बटण दाबल्यापासून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंतचा वेळ, ४०० मिलिसेकंदांच्या खाली कधी आलाच नाही. गिल्डची, म्हणजे आमच्या कायमच्या गटाची, रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी मोहीम, तिकडे रात्री ८ ला सुरू व्हायची. म्हणजे इकडे उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. मी प्रीस्ट होतो, हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा. दादा त्याच गिल्डमध्ये मेज, म्हणजे जादूगार.

मे २००८ ची गोष्ट. कॅराझान नावाच्या गेममधल्या मनोऱ्यात दहाजणांची रेड. या कॅराझानचं दार उघडायला चावी लागायची आणि चावीचे तुकडे तीन वेगवेगळ्या डन्जनमध्ये. शिवाय शेवटी ब्लॅक मोरास हे आणखी एक डन्जन पार करायचं. मला ती चावी मिळावी म्हणून गिल्डमधली माणसं, ज्यांच्याकडे ती आधीच होती, दोन शनिवार-रविवार माझ्याबरोबर फिरली होती. त्यांना त्यातून काही मिळणार नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या रात्री आम्ही शेड ऑफ अरनपाशी होतो. गोल ग्रंथालय, मध्ये हा अरन, एका जादूगाराचं भूत. ज्यांनी खेळलंय त्यांना फ्लेम रीथ सांगायला नको. त्याने तो मंत्र टाकला की दोन-तीनजणांच्या पायाभोवती आगीचं कडं उमटतं. तेवढा वेळ कुणीही हलायचं नाही. एकाने जरी ते कडं ओलांडलं तरी दहाच्या दहा भाजून निघतात. माझा पिंग असला, त्यामुळे बटण सोडल्यावरही पाऊल पुढे पडायची भीती. मी कडं दिसलं रे दिसलं की दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचो. आजही तसले प्रसंग आले की हात आपोआप मांडीवर जातात.

बाहेर वळवाचा पाऊस सुरू झाला होता. अरन ४० टक्क्यांवर आला, त्याने पाण्याचे चार एलिमेंटल बोलावले आणि त्याच क्षणी लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला. १७ इंची सीआरटी मॉनिटर, पीसी आणि मॉडेम, तिन्ही मिळून त्या यूपीएसवर सात-आठ मिनिटं चालायचे. मी चॅटमध्ये लिहिलं की वीज गेली आहे, माझ्याकडे सात मिनिटं आहेत. आमचा टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा, फिनलंडचा, तोच रेड लीडर. तो व्हेंट्रिलोवर, म्हणजे व्हॉइस चॅटवर, एवढंच म्हणाला, की हीलिंगचा विचार करू नका, सगळ्यांनी अरनवर तुटून पडा.

अरनची मॅना संपत आली की तो सगळ्यांना मेंढ्या करून टाकतो, शांतपणे बसून पाणी पितो आणि मग एकदम आगीचा लोळ सोडतो. त्या लोळाआधी प्रत्येकाचं रक्त भरलेलं नसेल तर माणसं पडतात. आमचे दोघं पडले. उरलेल्यांना मी कसाबसा धरून ठेवलं. यूपीएसची बीप जवळजवळ एकसलग झाली होती. अरन कोसळला, मी चॅटमध्ये जेमतेम दोन अक्षरं टाइप केली आणि मॉनिटरवरचं चित्र आकसून मध्यात एक ठिपका राहिला. मग तोही गेला. आतून बाबांनी विचारलं, "झोपलास का रे?" मी अंधारात खुर्चीवर तसाच बसून होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. अरनकडून हीलरसाठी एक वस्तू पडते, अरन्स सूदिंग सफायर. चार आठवडे आम्ही जात होतो आणि ती पडली नव्हती. त्या रात्री पडली. रेडला हजर राहून मिळवलेले माझे गुण सगळ्यात जास्त होते, म्हणजे पाळी माझी. पण तेव्हा नियम असा की हजर माणसालाच वस्तू द्यायची. एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की परत देता येत नाही, पुढे पोस्टाने पाठवता येत नाही. मी दादाला एसएमएस केला, लाईट गेली, मॉडेम बंद. लीडरने दादाला विचारलं, तुमच्याकडे वीज गेली तर किती वेळ जाते? दादा म्हणाला, काही सांगता येत नाही, सकाळही होईल. आणि पुढे म्हणाला, वाटून टाका, सगळ्यांना उद्या कामं आहेत.

हे मला दादानेच दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. लपवलं नाही, ते मी त्याच्या बाजूने मोजतो.

थांबू या असं कोण म्हणालं, तर पोलंडचा आमचा ड्रुइड. मी नसतो तर ती वस्तू त्यालाच मिळाली असती. तोही हीलर, त्यालाही हवी होती, त्याचे गुण माझ्या खालोखाल.

लाईट चाळीस मिनिटांनी आली. मी लॉगिन केलं, लोडिंगचा पट्टा सरकेपर्यंत जीव वर-खाली. आत आलो तर त्या ग्रंथालयात नऊजण जमिनीवर गोल करून बसलेले. कुणीतरी स्वयंपाकाची शेकोटी पेटवली होती. मधोमध अरन पडलेला, त्याच्यावर लुटीची चमक तशीच. लीडरने सफायर माझ्या नावावर केलं, "ओके, नेक्स्ट बॉस" म्हणाला आणि सगळे उठून चालायला लागले. कुणी एक शब्द बोललं नाही. त्यातल्या एकाची पहाटे सहाला शिफ्ट होती.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे. दरवर्षी गणपतीत आला की विषय निघतोच. नऊ माणसांची चाळीस मिनिटं म्हणजे सहा तास, आणि ते सहा तास एका आकड्यांच्या दागिन्यासाठी घालवले. पुढचा पॅच, म्हणजे गेममधला नवा बदल, आला की तो दागिना कचऱ्यात. हिशोब बिनचूक आहे. काही महिन्यांतच, नोव्हेंबरमध्ये नवी एक्सपान्शन, म्हणजे गेमचा मोठा नवा भाग, आली आणि सफायर खरंच निकामी झालं. मी ते अजून गेममधल्या बँकेत ठेवलंय.

पण त्या चाळीस मिनिटांनी मी त्या गिल्डला बांधला गेलो. पुढची दोन वर्षं एकही मंगळवार चुकवला नाही. त्या ड्रुइडला नंतर चावी, पोशन, सोनं, जे लागेल ते मी दिलं. हिशोब करायचाच तर हेही धरा ना. दादा हे धरत नाही, कारण हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला कळत नाही.

आणि म्हणूनच डिसेंबर २००९ मध्ये पॅच ३.३ बरोबर डन्जन फाइंडर आला तेव्हा दादा खूश झाला आणि मी नाही. त्याआधी पाचजण जमवायला शहरात उभं राहून हाका मारायला लागायच्या. मग चालत डन्जनपर्यंत जायचं, दोघांनी डन्जनबाहेरच्या जादूच्या दगडापाशी उभं राहून तिसऱ्याला बोलवायचं. अर्धा तास आरामात जायचा. पण त्या अर्ध्या तासात ओळखी व्हायच्या, आणि सर्व्हरवर नाव खराब झालं की कुणी बरोबर घ्यायचं नाही, म्हणून माणसं नीट वागायची. फाइंडरमध्ये बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरचे पाचजण थेट डन्जनच्या दारात. वीस मिनिटं एक शब्द न बोलता मारामारी करायची, संपलं की गायब. हीलर जरा चुकला की मत टाकून हाकलायचा, दुसरा मिनिटात येतो. मी त्या काळात रोज खेळायचो आणि एकाचंही नाव आठवत नाही. कॅराझानमधल्या नऊच्या नऊ जणांची आठवतात.

तुम्ही ज्याला कटकट म्हणताय, ती गेल्यावर काय उरतं ते मी बघितलंय. घड्याळ लावून करायची रोजची कामं उरतात. फोनवरच्या नव्या गेममध्ये तर 'ऑटो' बटण असतं, तुमचा योद्धा स्वतःच लढतो, तुम्ही फक्त बक्षिसं गोळा करायची. आणि लवकर पुढे जायचं असेल तर पैसे टाकायचे. पैशाने ताकद विकणारा गेम कितीही देखणा असो, मी हात लावत नाही. तुम्हीही लावू नका.

आता दादाच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर तो खाली येऊन लिहीलच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्टचं क्लासिक आलं, जुने नियम, फाइंडर नाही. मी आनंदाने वेडा झालो होतो. पण काही महिन्यांत तिथेही लूट सोन्याच्या बोलीवर विकायला लागले, आणि पूर्ण तयारी नसलेल्याला कुणी बरोबर घेईना. तेव्हा सगळा दोष एका बटणावर टाकणं बरोबर नाही, हे मला मान्य करावं लागलं. माणसंही बदलली, मीही. दुसरं, दादाला आता लहान मुलगी आहे. ती झोपल्यावर त्याला रात्री जेमतेम पाऊण तास मिळतो. तो फायनल फँटसीत कॉम्प्युटरचे साथीदार घेऊन जातो, मुलगी रडली की मध्येच उठतो, कुणाचा खोळंबा होत नाही. ज्याच्या घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, किंवा ज्या बाईला व्हॉइस चॅटवर तोंड उघडलं की घाणेरडं ऐकावं लागतं, त्यांनी एकट्याने खेळावं, मी एक शब्द बोलणार नाही. पण तुम्ही एकवीस वर्षांचे आहात.

आणि हो, त्या सत्रात माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, राहिला. परीक्षा तोंडावर असताना रेडला जाऊ नका. ही चूक फक्त माझी होती, गेमची नाही.

सुरुवात कशापासून, हे विचारलं होतंत. वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी, दोन्हींचे सर्व्हर भारतात नाहीत, पिंग सहन करावा लागेल. फायनल फँटसीचं फुकट खातं लेव्हल ७० पर्यंत चालतं, वेळेची मर्यादा नाही, कथा खरोखर चांगली आहे. पण फुकट खात्यातून गिल्डमध्ये जाता येत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. गिल्ड वॉर्स २ ला मासिक वर्गणी नाही. मला विचाराल तर ओल्ड स्कूल रूनस्केप घ्या. दिसायला जुनाट आहे, चित्रांवर जाऊ नका. त्याचं सगळं काम ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं, त्यामुळे आपल्यासारख्या लांबच्या माणसाला पिंगचा त्रास कमी. फोनवर आणि पीसीवर एकच खातं चालतं. मोठे बदल करायचे असले की खेळणाऱ्यांचं मतदान घेतात.

त्यात २०२१ पासून ग्रुप आयर्नमॅन नावाचा प्रकार आहे. दोन ते पाचजणांचा गट करायचा, बाहेरच्या कुणाकडून काही घ्यायचं नाही, विकत नाही, भेट नाही. जे काही मिळवायचं ते त्या गटानेच. एकाने मासे पकडायचे, दुसऱ्याने लोखंड वितळवायचं, तिसऱ्याने तोवर थांबायचं. तुमच्या त्या बॅटल रॉयलवाल्या मित्रांपैकी एकाला ओढून आणा, एक पुरे.

आमचा गट चौघांचा आहे. मी, जुना पोलिश ड्रुइड, त्याची बायको आणि तो फिनिश टँक. पाचवी जागा रिकामी ठेवली आहे. दादाला तीनदा विचारून झालंय, या गणपतीत परत विचारणार आहे.