उष्णतेचं समीकरण आणि विहिरीचं पाणी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. गणितात एम.एस्सी. करून भूजलाकडे वळावं का, असं तू विचारलंस. जरूर वळ. फक्त आधी चार्ल्स व्हर्नन थाइस यांचं काम मुळापासून समजून घे. उपसा चालू असताना विहिरीभोवतीची पाणीपातळी वेळेनुसार किती उतरते, याचं सूत्र त्यांनी दिलं.

थाइस यांचा जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या न्यूपोर्टचा. सिनसिनाटी विद्यापीठात आधी सिव्हिल इंजिनिअरिंग आणि मग भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट. पुढे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या नोकरीत न्यू मेक्सिकोत गेले. तेव्हा विहिरींच्या हिशेबाला जर्मनीतल्या थीम यांचं १९०६ चं सूत्र वापरत. त्यात पातळी स्थिर झाली असं धरलेलं असतं आणि वेळेला जागाच नसते. शेतात मात्र पंप चालू असेपर्यंत पातळी उतरतच राहते, कारण पाणी खडकातल्या साठ्यातून येत असतं.

थाइस यांना दिसलं की पाणी विहिरीकडे वाहतं ते थेट उष्णतेसारखं. तापमानाच्या जागी पाणीपातळी, उष्णतावाहकतेच्या जागी पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज जातं), विशिष्ट उष्णतेच्या जागी साठवण (खडक किती पाणी धरतो-सोडतो). हा प्रश्न त्यांनी सिनसिनाटीचे गणितज्ञ क्लॅरेन्स ल्युबिन यांना पत्राने उष्णतेच्याच भाषेत घातला: सारख्या तापमानाच्या अमर्याद पत्र्यातून, त्याच्या आरपार गेलेल्या एका रेषेवर, ठरावीक दराने उष्णता काढत राहिलं, तर इतक्या अंतरावर, इतक्या वेळाने तापमान किती उतरेल? उष्णतावहनाच्या शास्त्रात याचं उत्तर होतं, ते ल्युबिन यांनी कळवलं. हे सूत्र मांडणाऱ्या १९३५ च्या लेखात थाइस यांनी त्यांचं ऋण मानलं आहे. तुला जमायला हवी ती ही प्रश्नाची मांडणी. समीकरण सोडवणं तुला येतंच.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे येऊ. उपसा चाचणी म्हणजे ठरावीक दराने पाणी उपसत पातळी मोजत राहणं. तिला पंपाची विहीर आणि जवळ फक्त पातळी मोजायची एक निरीक्षण विहीर लागते. पंप सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला पातळी मोज, मग अंतर वाढवत ने. उपसा मात्र व्ही-नॉचवर (पाण्याचा प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच) पुन्हा पुन्हा तपास. पातळी खोल गेली की पंपाचा उपसा आपोआप कमी होतो आणि सगळा आलेख वाकतो. शेजारचा पंप मधेच सुरू झाला तरी तेच.

कूपर आणि जेकब यांनी १९४६ मध्ये थाइस यांचं सूत्र सोपं केलं. सेमी-लॉग कागदावर (एक अक्ष लॉगचा, दुसरा साधा) वेळ लॉग अक्षावर घ्यायचा, पातळीतली घट साध्या अक्षावर. मग काही वेळानंतरचे बिंदू सरळ रेषेत येतात. समज, उपसा सेकंदाला १० लिटर, म्हणजे दिवसाला ८६४ घनमीटर, आणि वेळ दहापट होताना घट १.२ मीटरने वाढते. वहनक्षमता (खडकाचा पूर्ण थर किती पाणी वाहून नेतो) काढायला सूत्रातला स्थिरांक ०.१८३ गुणिले ८६४ भागिले १.२, म्हणजे दिवसाला सुमारे १३२ चौरस मीटर. निरीक्षण विहीर ३० मीटरवर असेल आणि रेषा मागे वाढवल्यावर शून्य घटीला २ मिनिटांवर मिळत असेल, तर साठवण गुणांक (खडकाच्या साठवणीचं माप) सुमारे ०.०००४६ येतो.

इथेच नवखी माणसं फसतात. ही सरळ रेषा चालते ती u ०.०१ पेक्षा लहान असेल तेव्हाच; u म्हणजे अंतराचा वर्ग गुणिले साठवण गुणांक, भागिले वहनक्षमता आणि वेळ यांच्या गुणाकाराची चौपट. वरच्या आकड्यांत ते सुमारे ११३ मिनिटांनंतर होतं. त्याआधीचे बिंदू रेषेत घेतलेस, तर उत्तर नेटकं दिसेल आणि चुकीचं असेल. पंप बंद केल्यावर पातळी परत चढताना मोजणं मुळीच सोडू नकोस. तेव्हा उपशाच्या चढउताराचा त्रास फार कमी असतो. १९३५ च्या लेखात थाइस यांनीही नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडजवळच्या चाचणीत पातळी परत चढतानाची मोजमापं वापरली होती.

आपल्याकडच्या बसाल्टात एक वेगळीच अडचण आहे. विहिरीचा व्यास शून्य, असं थाइस यांच्या सूत्रात गृहीत आहे. आपली खोदीव विहीर ६ मीटर व्यासाची असते. तिच्यात पातळी १ मीटर उतरली म्हणजे सुमारे २८,३०० लिटर विहिरीच्या पोटातलंच गेलं. सेकंदाला १० लिटरचा पंप तासाभरात ३६,००० लिटर उपसतो. त्या तासात पातळी मीटरभर उतरली असेल, तर खडकातून आलं ७,७०० लिटरच. सूत्रात ३६,००० लिटरचा उपसा घातलास तर खडकाला न केलेल्या कामाचं श्रेय देशील. पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी रीत दिली, तिच्यात हा साठा हिशेबात धरलेला आहे. ती शीक.

गावाकडच्या एखाद्या विहिरीचा व्यास, खोली, पंपाचा उपसा आणि पंप बंद केल्यावरच्या दोन तासांतली पातळी मोजून पाठव. आलेख तूच काढ, मी तपासून देईन.

तुझा हितचिंतक