वाचकांचे प्रश्न : भाजी कशाला म्हणायचं?

प्रश्न : टोमॅटो, वांगी, भेंडी ही फळं आहेत असं मुलीला शाळेत शिकवलं. मग बाजारात ती भाजी कशी? (गुहागर)

उत्तर : दोन्ही बरोबर. फुलातल्या अंडाशयापासून जे तयार होतं, ते वनस्पतिशास्त्रात फळ. त्या हिशेबाने पडवळ, दोडकं, शेवग्याची शेंगही फळंच. 'भाजी' ही शास्त्राची संज्ञाच नाही, ती स्वयंपाकघराची आहे. त्यामुळे तिच्यात अळूचं पान, केळफूल, मुळा, सुरणाचा गड्डा (ते जमिनीतलं खोड) सगळं मावतं. आपला 'फळभाजी' हा शब्द म्हणूनच चपखल आहे. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १८८३ च्या कायद्याने आयात भाज्यांवर १० टक्के जकात होती, ताज्या फळांवर नव्हती. १८९३ साली न्यायालयाने निकाल दिला की टोमॅटो जेवणात भाजी म्हणून खातात, तेव्हा जकातीपुरता तो भाजीच.

प्रश्न : फणस नेमका कधीपर्यंत भाजीचा? आमची कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी काळी पडते आणि कधी कधी चोथट होते. (देवगड)

उत्तर : आठळीवर कडक साल धरेपर्यंत फणस कुयरी म्हणून वापरावा. सुरी मधोमध सहज उतरली, बी जाणवलीच नाही, तर कुयरी कोवळी आहे. सुरी बीपाशी अडली की ती जून झाली. मग अख्खी शिजवण्याचा हट्ट नको. झाडावरचे तेवढेच फणस आणखी भरू द्या आणि त्यांचे कच्चे गरे काढून भाजी करा. चोथा होतो तो अशा जून कुयरीचाच, शिट्ट्या वाढवून तो मऊ होत नाही.

चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो. हाताला, सुरीला आणि विळीच्या पात्याला खोबरेल लावूनच चिरायला बसा. काटेरी साल जाड काढा, मधला दांडा काढून टाका. फोडी हवेत उघड्या राहिल्या की काळ्या पडतात, म्हणून चिरल्या चिरल्या मीठ-हळदीच्या पाण्यात टाका. कुकरमध्ये फोडी जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून ३ शिट्ट्या पुरतात. पाणी निथळून फोडी हाताने किंवा वरवंट्याने ठेचा. मिक्सर नको, लगदा होतो. मोहरी, हिंग, सुक्या मिरच्यांची फोडणी, भिजवून वेगळे शिजवलेले वाल, गूळ, आणि शेवटी मूठभर ओलं खोबरं. अर्धा किलो फोडींना अर्धी वाटी वाल ठीक.

प्रश्न : शेवळाची भाजी घशाला खाजते. काय चुकतं? (पेण)

उत्तर : शेवळं ही पावसाळी रानभाजी सुरणाच्याच कुळातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग न चुकता काढून टाका, बहुतेक वेळा तोच राहून गेलेला असतो. बाकीचं बारीक चिरून तेलावर चांगलं परता आणि काकड या रानझाडाच्या आंबट फळांचा रस घालून पूर्ण शिजवा. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा दाट कोळ घाला. आंबट कमी पडलं की खाज राहतेच, तिथे हात आखडू नका.

प्रश्न : अळंबी भाजी की नाही? (कुडाळ)

उत्तर : ताटात भाजीच. पण ती वनस्पती नव्हे, बुरशी आहे. रानातली अळंबी मात्र ओळखणाऱ्या माणसाने खात्री दिल्याशिवाय शिजवू नका. विषारी जाती शिजवल्याने निर्धोक होत नाहीत.