रो-हाउस कॉलनीचं ड्रेनेज पंपावर आहे. महिना हजार रुपये मेंटेनन्समध्ये खरंच भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूर शहराच्या हद्दीबाहेर 40 घरांच्या कॉलनीत रो-हाउस बघताय, मैलापाणी उताराने न जाता पंपाने उचललं जातं, आणि बिल्डर सांगतोय की महिन्याला हजार रुपये भरले की बाकी काही बघायचं नाही. मी शहराच्या दक्षिणेला अशाच एका कॉलनीत राहतो. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून असाच पंप, त्याचं पॅनेल (पंप चालू-बंद करणारी विजेची पेटी) आणि त्याची बिलं सांभाळली आहेत, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. घर घ्या, पण हजाराच्या आकड्यावर विसंबून घेऊ नका.

आधी यंत्रणा समजून घ्या. प्रत्येक घराचं मैलापाणी चेंबरमधून एका संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत येतं. तिथे पाण्यात बुडालेला कटर पंप असतो, ज्याला ग्राइंडर पंपही म्हणतात. त्याच्या तोंडाशी मिक्सरसारखी कडक पोलादाची पाती असतात. मैला बारीक होऊन पातळ रबडी बनते आणि दीड-दोन इंची पाइपातून दाबाने वर किंवा लांब ढकलली जाते. पाइप बारीक चालतो आणि उताराची फारशी गरज नसते, म्हणून खडकाळ किंवा चढउताराच्या जमिनीवर बिल्डरला खोल खोदाई करावी लागत नाही. त्याचा खर्च एकदाच वाचतो. यंत्र मात्र कॉलनीच्या गळ्यात कायमचं. अमेरिकेत काही वसाहतींत प्रत्येक घराच्या अंगणातच असा छोटा पंप असतो. कुठे तो नगरसंस्थेचा, कुठे घरमालकाचा, आणि तिथेही भांडण यावरच होतं की जळाला तर पैसे कोणी द्यायचे.

सगळे विजेच्या बिलाबद्दल विचारतात. ते खरं तर किरकोळ आहे. दोन एचपीचा पंप दिवसाला चार तास चालला तरी सहा युनिट, म्हणजे महिन्याला 180 युनिट. सोसायटीचा सामायिक मीटर महावितरणच्या घरगुती दरातच बसतो. फक्त स्ट्रीटलाइट आणि पाण्याची मोटर त्याच मीटरवर असली की वापर वरच्या टप्प्यात जातो.

खरा खर्च माणसाचा, दुरुस्तीचा आणि बदलीचा. समजा दोन पंप (एक चालू, एक स्टँडबाय) आणि पॅनेल मिळून दोन लाख धरले आणि आठ वर्षांनी सगळं बदलायचं म्हटलं, तर 40 घरांवर ते महिन्याला जेमतेम 52 रुपये पडतात. यंत्रणा बघणारा माणूस 12 हजारांवर ठेवला, तर घरटी 300. इथवर बिल्डरचं गणित बरोबर दिसतं. पण पहिली काही वर्षं कॉलनी भरलेलीच नसते. 40 पैकी 12 घरंच पैसे भरत असतील, तर नुसत्या त्या माणसाच्या पगारालाच घरटी हजार लागतात. लाइट, बाग, वॉचमन, पाणी, सगळं अजून बाजूलाच. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न हा की न विकलेल्या घरांचा मेंटेनन्स कोण भरणार. उत्तर लेखी घ्या.

आता पंप बिघडतो कसा ते. आमच्याकडे सर्वात जास्त त्रास तुपकट, तेलकट पाण्याने दिलाय. कोल्हापुरात मटणाचा रस्सा रविवारी घरोघरी होतो, आणि भांडी घासून ती चरबी थेट संपात उतरते. वर पांढरट जाड साय धरते, त्यात फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) अडकतो. मग संप रिकामा झाला तरी पंप बंद होत नाही, कोरडाच चालत राहतो. पहिल्यांदा सील जातं, सीलमधून पाणी मोटरमध्ये शिरतं आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं जळतं. दुसरा शत्रू म्हणजे सॅनिटरी पॅड, डायपर आणि ओले वाइप्स. कटर ते कापतो असं सांगतात, पण त्याच्या लांब दोऱ्या होतात आणि पात्याभोवती दोरखंडासारख्या गुंडाळल्या जातात. संपाच्या आधी जाळीची बास्केट आणि स्वयंपाकघराच्या लाइनला ग्रीस ट्रॅप (तेल-चरबी अडवणारी छोटी टाकी) आहे का, हे साइटवर झाकण उघडून बघा. नुसतं ब्रोशरमध्ये बघून चालणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाची. टेरेसचं आणि अंगणाचं पाणी लोक ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकतात, कारण ते सोपं जातं. जुलैमध्ये मग पंपाला दम खायला वेळ मिळत नाही. एका घरात सरासरी पाच माणसं धरली आणि माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी, तर 40 घरांचं रोजचं मैलापाणी साधारण 21,600 लिटर होतं. पंपाचा हिशोब याच्यावर केलेला असतो. त्यात छपरांचं पाणी आलं की कुठलाच हिशोब टिकत नाही. पावसाळी लाइन वेगळी आहे का ते नक्की विचारा. पंचगंगेच्या बाजूला घर असेल तर पॅनेल किती उंचीवर बसवलंय तेही बघा. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या कुणालाही तोंडपाठ असेल.

वीज गेल्यावर काय, हाही प्रश्न आहेच. सकाळी सगळी घरं एकदम वापरात असतात आणि त्याच वेळी लाइट गेली, तर संप किती वेळ पाणी धरेल? जनरेटरवर पंप जोडलेला नसेल, तर सर्वात खालच्या घराच्या बाथरूममध्ये मैलापाणी वर येतं. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नादुरुस्त असेल तर पाइपातलंही परत उतरतं. तुम्ही बघताय ते घर चढाच्या तळाशी आहे का, एवढं नीट पाहून घ्या.

एक गोष्ट आपल्या गावाची चांगली आहे. शिवाजी उद्यमनगरात रिवाइंडिंगवाले आणि लेथवर शाफ्ट, स्लीव्ह उतरवून देणारे हुशार कारागीर आहेत, त्यामुळे मोटर अडत नाही. कटरची पाती आणि सील मात्र कंपनीचीच लागतात. बाहेरून मागवलेल्या पंपाचे स्पेअर महिनाभर येत नाहीत, तोवर मैला उपसणारा टँकर बोलवावा लागतो. जो पंप बसवलाय त्याचे सुटे भाग कोल्हापुरात मिळतात का, हे घर घेण्याआधी तुम्हीच दुकानात विचारून या. आमच्या बिल्डरने दोन पंप दाखवले होते, प्रत्यक्षात स्टँडबायची केबल पॅनेलला जोडलेलीच नव्हती. दोन्ही पंप आळीपाळीने चालवून दाखवायला सांगा.

आणि शेवटी हे पाणी जातं कुठे? शहराचं सांडपाणी जयंती नाल्यावरून उचलून कसबा बावड्याच्या रोज 76 दशलक्ष लिटर क्षमतेच्या शुद्धीकरण केंद्रात नेलं जातं, दुधाळीला 17 दशलक्ष लिटरचं दुसरं केंद्र आहे. हद्दीबाहेरच्या कॉलनीची लाइन तिथवर पोचते का, की सेप्टिक टँक भरून जवळच्या ओढ्यात सोडलं जातं? ओढ्यातलं पाणी शेवटी पंचगंगेतच जातं. मला हा प्रश्न पैशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. खाली इचलकरंजीपर्यंत त्याच नदीकाठी माणसं राहतात.

संप साफ करायला माणूस आत उतरवू देऊ नका, कुणी कितीही स्वस्तात म्हणो. आत साठणारा वायू माणसाला एक-दोन श्वासांत बेशुद्ध करू शकतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं बेकायदेशीर आहे, आणि उतरवणाऱ्यावर गुन्हा होतो. सक्शन गाडीचे पैसे बजेटमध्ये धराच.

कायद्याची बाजू तुमच्याकडे आहे. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत सेवांमधला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, तोही कळवल्यापासून 30 दिवसांत. ड्रेनेज पंप ही सेवाच आहे, म्हणून तक्रार तोंडी न करता ईमेलने करत चला. सोसायटीने ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा चालू ठेवणं ही कलम 11 नुसार बिल्डरचीच जबाबदारी आहे. सोसायटी नोंदवली की सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-बदलीसाठी राखून ठेवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के दरसाल जमवायचा असतो. तो पहिल्या वर्षापासून जमवला तर पंप बदलताना घरटी वर्गणी मागायची वेळ येत नाही.

रेराच्याच कलम 13 नुसार साठेखत नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तेव्हा मोठे पैसे अजून तुमच्याच हातात आहेत. पंपाची कंपनी आणि मॉडेल, वॉरंटी कुणाच्या नावावर, जनरेटर जोडणी, पाणी सोडण्याची जागा आणि न विकलेल्या घरांचा हिस्सा, एवढं साठेखताच्या परिशिष्टात लिहून घ्या. बिल्डर लिहून द्यायला तयार नसेल, तर हजार रुपयांचा आकडाही कागदावर देणार नाही.