कोणी मोजलं, कधी मोजलं

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, उत्तर टाइप करायला घेतलं आणि चिडून फोन बाजूला ठेवला. चिडलो तुझ्यावर नाही. एकाच खाडीच्या तोंडाचे तीन स्क्रीनशॉट पाठवलेस, पायलट बुकात (किनाऱ्याची आणि खाड्यांची वाट सांगणाऱ्या पुस्तकात) पाण्याची खोली २.१ मीटर, ॲपवर ३.४, आणि मासिकातल्या त्या लेखात आकडाच नाही, नुसतं "सहज आत जाता येतं". खाली तुझा प्रश्न, काका यातलं खरं कोण? तुमची बोट पाण्याखाली १.७ मीटर बसते, कोजागिरीनंतर मुंबईहून निघून गोव्यापर्यंत खाड्या करत जायचंय, म्हणजे प्रश्न जिवाचा आहे हे मला कळतं.

पण प्रश्न चुकलाय. खरं कोण हे विचारू नकोस. प्रत्येक आकड्याला दोनच गोष्टी विचार, कोणी मोजलं आणि कधी मोजलं. ज्याचं उत्तर मिळत नाही तो आकडा नाहीच असं समजायचं, मग तो कितीही सुंदर छापलेला असू दे.

आणि "कधी" म्हणजे नुसतं साल नाही. भरतीला मोजलं की सुकतीला? उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवशी की भांगाच्या (लहान भरतीच्या)? चार्टवर छापलेली खोली ओहोटीच्या तळाच्या पातळीपासून धरलेली असते, वर भरतीचं पाणी येईल ते वेगळं. पण एखादा हौशी माणूस दुपारी भर भरतीला खाडीत शिरतो, साउंडरवर, म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्रावर, ३.४ बघतो आणि तसंच ॲपवर टाकतो. त्याचा साउंडर पाण्याच्या पृष्ठभागापासून दाखवत होता की कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळच्या पात्याच्या, खालून, हेही तो लिहीत नाही. तो खोटं बोलला नाही ग. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. पण तो आकडा त्याच्या बोटीचा आणि त्या तासाचा होता, तुझा नाही.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण मीच हे केलंय. बरीच वर्षं झाली, एका मासिकाने कोकणच्या खाड्यांवर लिहायला सांगितलं होतं. रत्नागिरीच्या खालची एक खाडी, नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. साउंडरने २.८ दाखवलं, पाणी तेव्हा अर्धं चढलेलं होतं, मी वहीत वेळ लिहिली होती पण लेखात भरतीचं पाणी वजा केलं नाही. वेळेचं वाक्य होतं लेखात, संपादकांनी जागेसाठी कापलं. मी स्वतःला आजही हेच सांगत असतो की त्यांनी कापलं, आणि तेव्हा सगळे असंच लिहायचे, आणि शेवटी मी "काळजी घ्या" लिहिलंच होतं. पण प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी वाचून पाठवलं होतं. पुढच्या सीझनला एक नवराबायको तो लेख समोर ठेवून आत शिरले, वाळूवर बसले, पाणी उतरत गेलं आणि बोट रात्रभर कुशीवर पडून राहिली, सुकाणू मोडलं. माणसं वाचली. त्या बाईंनी मला पत्र लिहिलं, त्यात एक शब्द रागाचा नव्हता, नुसतं विचारलं होतं की तुम्ही मोजलं तेव्हा किती वाजले होते. मी दुरुस्ती लिहून पाठवली, ती छापली गेली नाही. तेव्हापासून मी स्वतः न मोजलेली खोली कुठेच लिहीत नाही आणि मोजलेली तारीख-वेळेशिवाय देत नाही. त्यापायी कामं गेली, हट्टी म्हातारा म्हणतात, म्हणू देत.

तू लिहिलंयस, "छापून आलंय म्हणजे कोणीतरी तपासलं असेल ना". नाही ग, नाही! १९६८ सालची गोष्ट बघ. लंडनच्या संडे टाइम्सने एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत लावली. त्यात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन होते, त्यांची 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक माणूस होता. त्याची बोट गळकी, दक्षिण महासागरात न्यायच्या लायकीची नाही, म्हणून तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोट्या बातम्या पाठवत राहिला. डिसेंबरात त्याने कळवलं की एका दिवसात २४३ मैल मारले, विक्रम! पेपरांनी छापलं. त्याचा प्रसिद्धीवाला त्या तुटक तारांना आणखी फुगवून पुढे द्यायचा. आधी स्वतः एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या सर फ्रान्सिस चिचेस्टरना शंका आली होती, पण ती कोणी मनावर घेतली नाही. कोणी मोजलं? क्रोहर्स्टनेच. बस.

लोक ही गोष्ट क्रोहर्स्टच्या वेडाची म्हणून सांगतात, मला त्यातला दुसरा माणूस सुटत नाही. नायजेल टेटली, त्याच शर्यतीतला. एव्हाना २२ एप्रिल १९६९ ला नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी फाल्मथला पोचले होते, पण सगळ्यात कमी दिवसांचं ५००० पौंडांचं बक्षीस अजून शिल्लक होतं. टेटलीला वाटलं क्रोहर्स्ट मागून जोरात येतोय, म्हणून आधीच खिळखिळी झालेली बोट त्याने ताणली आणि मे महिन्यात अझोर्सजवळ ती फुटून बुडाली. त्याला वाचवलं, पण बोट गेली ती जगात कुठेच नसलेल्या एका पोझिशनमुळे. तुझ्या त्या ३.४ मध्ये आणि त्या २४३ मध्ये मला फार फरक दिसत नाही, एक भाबडेपणाने लिहिलेला आणि एक खोटा, पण वाचणाऱ्याच्या बोटीला दोन्ही सारखेच लागतात.

मग वाचायचंच नाही का, असं आता विचारशील. अगं वाच ना! पायलट लिहिणारे लोक माझ्यासाठी आदराचे आहेत, आयुष्य घालवलंय त्यांनी. पण एक माणूस हजारो मैलांचा किनारा दर वर्षी परत फिरू शकत नाही, मग नवीन आवृत्तीत काही वाचकांच्या पत्रांवरून येतं आणि काही जुनंच राहतं. म्हणून त्यात काय हलतं आणि काय हलत नाही ते वेगळं कर. विजयदुर्गचा आडोसा आंग्र्यांच्या वेळी होता तोच आज आहे. मालवणला सिंधुदुर्गाभोवतीचे खडक १६६४ मध्ये होते तिथेच आहेत. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा, हे कोणी लिहिलं तरी चालेल. पण खाडीच्या तोंडावरची वाळू? चार महिने पावसाळ्याने घुसळल्यावर मे महिन्यातला आकडा ऑक्टोबरात काय कामाचा? राजापूर एके काळी केवढं बंदर होतं, गाळाने भरलं. बोयांचंही (तरंगत्या खुणांचंही) तेच, आणि मच्छीमारांच्या डोलजाळ्यांचे खुंट तर कुठल्याच पुस्तकाला वेळेवर कळणार नाहीत.

तीन ठिकाणी एकच आकडा दिसला म्हणून खूश होऊ नकोस. बऱ्याचदा तिघांनी एकाच जुन्या सर्व्हेवरून उतरवलेलं असतं, म्हणजे साक्षीदार एकच. इलेक्ट्रॉनिक चार्टवर विश्वासाचे झोन दिलेले असतात, ए१ पासून डी पर्यंत, ते उघडून बघ, कोणी बघत नाही. सी झोन असेल तर जागेत ५०० मीटरपर्यंत आणि खोलीत २ मीटर अधिक ५ टक्के एवढी चूक धरायची असते. म्हणजे चार्टवरच्या ३ मीटरमधून २.१५ गेले, उरले ८५ सेंटिमीटर. तुझी बोट १.७. हे गणित तू स्वतः कर, माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. आणि झूम पूर्ण करून बघ. २०१४ मध्ये व्होल्वो या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली 'वेस्टास विंड' ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला अख्ख्या प्रवाळाच्या पट्ट्यावर चढली, बोटीवर पट्टीचे खलाशी, पण कमी झूमला तो धोका स्क्रीनवर नीट दिसतच नव्हता.

आता बोटींचे रिव्ह्यू. एवढंच सांगतो, जी मासिकं बोटवाल्यांच्या जाहिरातींवर चालतात त्यांच्यात एका दुपारच्या हलक्या वाऱ्यातली चाचणी असते, किती तास आणि किती वाऱ्यात ते शोध. अमेरिकेतलं प्रॅक्टिकल सेलर हे मासिक जाहिराती न घेण्यासाठी ओळखलं गेलं, ते आधी वाच.

तांडेलांना, म्हणजे मच्छीमार होड्यांच्या नाखव्यांना, विचारायचं का, हे तू शेवटी लिहिलंस, ते पहिलं लिहायला हवं होतं. नक्की विचार. तो काल रात्री तिथून गेलाय, त्याच्यापेक्षा ताजा सर्व्हे देहरादूनच्या चार्ट बनवणाऱ्या सरकारी कचेरीकडेही नाही. पण "पाणी आहे का" असं विचारू नकोस, तो "आहे" म्हणेल, कारण त्याच्या होडीपुरतं आहे, तुझ्या कीलची त्याला कल्पना नाही. किती वाव (खोली मोजायचं जुनं माप), सुकतीला किती, कुठल्या बाजूने, तू शेवटचा कधी गेलास, असं विचार. चहा पी त्याच्याबरोबर, घाई करू नकोस. मग बोट बाहेर नांगरून डिंगी (छोटी होडी) घे, दोरीला बांधलेलं शिशाचं वजन घे आणि पाणी चढायला लागल्यावर स्वतः मोजत आत जा, दर वीस-तीस मीटरला एकदा. शिशाच्या बुडाला चरबी लाव, वाळू आहे की चिखल की खडक ते वर येईल. हे कंटाळवाणं आहे, तुझा भाऊ कटकट करेल, त्याला डिंगी वल्हवायला बसव.

निघण्याआधी एका रविवारी घरी या दोघं. माझी जुनी दोरी आणि शिसं काढून ठेवलंय, वावाच्या खुणा नव्याने बांधल्यात. त्या रत्नागिरीखालच्या खाडीचं नाव तेव्हा सांगतो. तिथे गेलात तर मोजून मला पाठवा, तारीख, वेळ, आणि त्या दिवशी उधाण होतं की भांग ते लिहून. माझी दुरुस्ती अजून राहिलीय.

तुझा काका