वाचकांचे प्रश्न : ज्युदोतील अभिवादन कशासाठी?

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी ज्युदो शिकते. मॅटवर पाऊल ठेवताना, भिंतीवरच्या फोटोसमोर, सरांपुढे आणि जोडीदारापुढे तिला सतत वाकून अभिवादन करावे लागते. हरल्यावरही जिंकणाऱ्यासमोर वाकायचे असते. स्वसंरक्षणासाठी पाठवलेली मुलगी अशाने नमते घ्यायलाच शिकेल, असे सासऱ्यांना वाटते. या रीतीला खरोखर काही अर्थ आहे का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : अर्थ आहे, मात्र तो वाकण्यापेक्षा त्यानंतर मॅटवर जे घडते त्यात शोधावा लागतो. ज्युदो एकट्याने शिकता येत नाही. डाव टाकायचा तर कोणीतरी आपले अंग तुमच्या हवाली करावे लागते, आणि ज्याने ते केले तो धडधाकट उठावा, याची जबाबदारी डाव टाकणाऱ्यावर येते. म्हणूनच जोडीदाराला खांद्यावरून पाडताना त्याची बाही अखेरपर्यंत धरून ठेवतात, जेणेकरून त्याचे डोके न आपटता त्याला नीट पडता येईल. मोठ्या मुलांना शिकवल्या जाणाऱ्या गळा आवळण्याच्या डावात समोरच्याने हार मानल्याची खूण म्हणून हाताने थाप मारली, की त्याच क्षणी पकड सोडायची असते, कारण तेथे काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. सरावापूर्वी दोघे एकमेकांसमोर वाकतात, तेव्हा ही काळजी घेण्याची हमी देतात. कापलेली नखे आणि धुतलेला पोशाख हेही त्याच हमीत येते.

फोटो बहुधा ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा असेल. त्यांनी १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात कोदोकान ही संस्था सुरू केली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील घातक डाव मोकळ्या सरावातून वगळले. आपल्याबरोबर दुसऱ्याचेही भले व्हावे, हे त्यांनी ज्युदोचे एक मूलतत्त्व मानले. त्या फोटोसमोर वाकणे ही पूजा नव्हे.

हरलेल्याने वाकण्याबद्दल सांगायचे, तर जिंकणाराही त्याच वेळी तितकाच वाकतो. आपल्याकडे कुस्तीआधी मल्ल मातीला हात लावून कपाळी लावतात आणि एकमेकांशी हात मिळवतात, म्हणून पैलवान भित्रा होतो असे कोणी म्हणत नाही. सासऱ्यांना हे नक्की पटेल. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सचे अँटन गेसिंक यांनी जपानच्या अकिओ कामिनागा यांना त्यांच्याच देशात अंतिम लढतीत हरवले. तेव्हा जल्लोषात मॅटकडे धावलेल्या आपल्याच देशबांधवाला त्यांनी हात उंचावून थांबवले, आणि मग प्रतिस्पर्ध्याला अभिवादन केले. माझ्या मते ज्युदोच्या इतिहासात त्या विजयाइतकेच मोल त्या उंचावलेल्या हाताला आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पराभूत झालेल्या एका इजिप्शियन खेळाडूने इस्रायली प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन नाकारले, तेव्हा पंचांनी त्याला अभिवादनासाठी परत बोलावले. हस्तांदोलन ऐच्छिक असते, अभिवादन मात्र सक्तीचे.

तरीही केवळ वाकण्यावर विसंबू नका, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ही रीत जेथे जन्मली त्या जपानमध्येच १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधील ज्युदोत शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. तेथील महिला राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंनी मारहाणीची तक्रार केल्यानंतर २०१३ मध्ये मुख्य प्रशिक्षकांना पद सोडावे लागले. अभिवादन तेथेही रोज होत होते. आदर फक्त खालून वर जाऊ लागला, की तो आज्ञापालनापुरता उरतो, आणि मुले दुखापत झाली तरी बोलत नाहीत.

म्हणून एकदा सराव संपेपर्यंत तेथे बसून पाहा. सर मुलांच्या अभिवादनाला वाकून उत्तर देतात का, नवख्या मुलांना आधी पडायला शिकवतात का, थाप ऐकूनही पकड न सोडणाऱ्या थोरल्या मुलाला तिथल्या तिथे थांबवतात का, आणि डोके आपटलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मॅटवर न पाठवता डॉक्टरांकडे नेण्याविषयी पालकांना सांगतात का, हे लक्षपूर्वक बघा. तसे होत असेल तर मुलीला निर्धास्तपणे पाठवत राहा. नसेल तर दुसरा वर्ग शोधा.