टर्मिनेटर बघायला बसतोयस? आधी हे ऐक

सहाही भाग एका दमात बघू नकोस. १९८४चा पहिला बघ, १९९१चा दुसरा बघ आणि थांब. निदान महिनाभर तरी.

पहिला जेम्स कॅमेरॉनने जेमतेम ६४ लाख डॉलरांत काढला. शेवटी त्या मारेकरी यंत्रमानवाचा सांगाडा झटके देत चालतो, त्याला हसू नकोस. ते शॉट एकेक फ्रेम हलवून घेतलेत. दुसऱ्यात सगळे द्रवरूप धातूच्या यंत्राकडे बघत बसतात, तू नायिकेकडे, सारा कॉनरकडे बघ. वाळवंटात ती लाकडी टेबलावर चाकूने दोन शब्द कोरते आणि उठून जाते. अख्खी कथा त्या टेबलावर आहे: विधिलिखित वगैरे काही नसतं.

आणि २००३चा तिसरा म्हणतो, लिहिलेलंच होतं, यंत्रांच्या हातून होणारा प्रलय फक्त पुढे ढकलला गेला. झालं! (शेवट मात्र धीट आहे, मान्य.) २००९चा नाही बघितलास तरी चालेल. २०१५चा ट्रेलर चुकूनही लावू नकोस, मोठा धक्का त्यातच फोडून टाकलाय.

२०१९ला कॅमेरॉन निर्माता म्हणून परतला, साराचं काम करणारी लिंडा हॅमिल्टनही आली, म्हणून मी पहिल्याच दिवशी थिएटर गाठलं. सांगूनच टाकतो, तू तरी सावध राहशील: ज्या पोरासाठी दोन सिनेमे जीव टांगणीला लावला, तो साराचा मुलगा जॉन सुरुवातीलाच मारलाय. पॉपकॉर्न तसाच मांडीवर राहिला माझा.

तरी बघणार असशीलच, तर त्याच रात्री दुसरा भाग परत लावायला वेळ ठेव.